जाम नट

८ फेब्रुवारी, शनिवार. रत्नागिरी
मारुती ८०० सकाळी सुरू केली की बॉनेटखाली टकटक. इंजिन तापलं की आवाज दबतो. मॅनिफोल्डच्या कडेला काजळी, म्हणजे पॅकिंग फुटलंय. कार्ब्युरेटरवाली जुनी गाडी, त्यात खारा वारा. नटांचे कोपरे गंजून गोल व्हायला आलेत. टोकाचा एक स्टड तर कधीचाच तुटलाय. टोकाचेच जास्त तुटतात. बिडाचा मॅनिफोल्ड तापून लांबतो, निवला की आखडतो, आणि ती ओढाताण टोकांना सोसावी लागते.

तारेच्या ब्रशने आटे घासून गंज सोडवायचं तेल सोडलं. डब्ल्यूडी-४० मुद्दाम टाळलं. तो मुळात पाणी हटवायचा स्प्रे.

९ फेब्रुवारी, रविवार
सकाळ-संध्याकाळ तेल. पाना हातात घेतला नाही. "नुसतं तेलच पाजणार आहेस का तिला?" इति आई.

१२ फेब्रुवारी, बुधवार
बाराची गोटी, सहा कोनी. बारा कोनी रिंग पाना असल्या नटावर घसरतो. थोडं सोडायचं, थोडं परत आवळायचं. नट खरंच सुटत असेल तर हाताला करकर लागते. पाना रबरासारखा ताणला जातोय असं वाटलं की समजावं, नट जागचा हललेला नाही, स्टडला पीळ बसतोय. तिथे जोर करणारा माणूस स्टड तोडतोच.

अशा दोन नटांना गॅसचा टॉर्च दाखवला. पेट्रोल कुठे पाझरत नाही ना, हे आधी बघून. गरम नटाला मेणबत्ती टेकवली की वितळलेलं मेण आट्यांत ओढलं जातं. दोन्ही सुटले. एक स्टडासकट आला. चालेल, स्टड नवेच घालायचेत.

१५ फेब्रुवारी, शनिवार
राहिला तुटका. शेजाऱ्यांचं म्हणणं, ड्रिल मारून ईझी-आउट घाल. नको. ते आत मोडलं की साधं ड्रिल त्याच्यावर चालत नाही.

वेल्डर काकांना बोलावलं. बॅटरीच्या तारा सोडल्या. हेडबाहेर डोकावणाऱ्या तुकड्यावर त्यांनी नट धरला आणि त्याच्या भोकातून वेल्ड भरला. "हात लावू नकोस, लाली उतरू दे." उष्णता थेट स्टडात उतरते आणि गंजाची पकड मोडते. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, पोलादाचा वेल्ड त्याला धरत नाही. मग पाना मागे-पुढे, मागे-पुढे. तुकडा कुरकुरत बाहेर आला, आट्यांत पांढरी भुकटी भरलेली. खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियम असंच सडतं.

१६ फेब्रुवारी, रविवार
आठ एमएमचा टॅप हातानेच फिरवून भोकं साफ केली. नवे स्टड, तांब्याचा मुलामा दिलेले नट, आट्यांना अँटी-सीझ, नवं पॅकिंग. मधून सुरुवात करून टोकांकडे आवळत गेलो. टकटक बंद.

गाडी चार-सहा वेळा तापून निवली की थंड इंजिनावर सगळे नट पुन्हा तपासायचे. नवं पॅकिंग दबतं आणि नट थोडे सैल पडतात.