पुस्तक गुजरातचे, माध्यम मराठी

उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांतल्या आपल्या बऱ्याच मंडळींचे मूळ खान्देशात. उधना-जळगाव गाडीने आलेली माणसे इथे लूमवर, मिलमध्ये, बाजारात कामाला लागली आणि सुरतकर झाली. त्यांच्या मुलांसाठी महानगरपालिकेच्या मराठी शाळा आहेत. सुरतची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून शाळा चालवते, हे गावाकडच्या पाहुण्यांना सांगितले की त्यांचा विश्वास बसत नाही.

मी दर रविवारी सोसायटीतल्या सहावी-सातवीच्या काही मुलांचा अभ्यास घेते. घरी अहिराणी, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी आणि दुकानात गुजराती अशी ही मुले. त्यांचे पुस्तक मराठीत असते, पण अभ्यासक्रम गुजरातचा. इंटरनेटवर मराठीत मिळणारे शालेय साहित्य मात्र बहुतेक महाराष्ट्राच्या बालभारतीनुसार. ‘सातवी विज्ञान, धडा तिसरा’ असे शोधले की भलताच धडा समोर येतो. म्हणून आमच्याकडे एक साधा नियम आहे: धड्याचा नंबर शोधायचा नाही, विषयाचे नाव शोधायचे. ‘अपूर्णांक’, ‘विद्युत परिपथ’, ‘प्रकाशाचे परावर्तन’. अपूर्णांक तापीच्या काठी वेगळे आणि गोदावरीच्या काठी वेगळे नसतात.

हा नियम लावला की बरेच काही हाती लागते. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. ती पूरक वाचन म्हणून उत्तम. केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. त्यात मंडळ, माध्यम आणि इयत्ता निवडता येते. गुजरात मंडळात हवे ते मराठीत मिळाले नाही, तर मंडळ बदलून महाराष्ट्राचे साहित्य पाहायचे. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून शिकणे आज मुलांना नवे नाही, पण सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी तो प्रयोग फार आधी केला होता. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले आणि बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

पाठ्यपुस्तकाला न बांधलेली साधने मला जास्त उपयोगी पडतात. नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ हा प्रकल्प सुरू केला. त्यात पडद्यावर बॅटरी, तार आणि दिवा जोडून परिपथ तपासता येतो. त्यातले अनेक प्रयोग मराठीत आहेत आणि एकदा डाउनलोड केले की नेटशिवाय चालतात. एकाच मोबाइलवर घरातल्या चौघांचे काम चालते तिथे याची किंमत कळते. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मराठीतली पुस्तके आणि टाकाऊतून खेळणी बनवण्याच्या कृती आहेत. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून ते भूमिती शिकवतात. उधन्यात तर रिकाम्या बॉबिनही वाट्टेल तेवढ्या मिळतात.

प्रथम बुक्सचे ‘स्टोरीवीव्हर’ २०१५ पासून आहे. त्यावर एकच गोष्ट अनेक भाषांत सापडते. आधी मराठीत वाचून मग तीच गुजरातीत वाचली की मुले गुजराती अक्षरांना घाबरत नाहीत. थोडी मोठी मुले आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’वर मराठी आवाजात लिब्रेऑफिस शिकतात. व्हिडिओ छोटे असतात. थोडे पाहायचे, थांबवायचे आणि तसेच करून बघायचे.

एवढा खटाटोप कशासाठी? पुढे-मागे यातल्या काही मुलांना माध्यम बदलावे लागते. मराठीत पाठ केलेल्या व्याख्या तेव्हा कामाला येत नाहीत. पण परिपथ का तुटतो हे ज्याने स्वतः जोडून पाहिले आहे, त्याला फक्त नवे शब्द शिकायचे असतात. ज्याला मुळातच कळले नव्हते, तो वर्गात गप्प बसतो, आणि मग एक दिवस लूमवर दिसतो.

आपल्या मंडळातली तरुण पिढी आता चांगल्या नोकऱ्यांत स्थिरावली आहे. तुमच्याकडे लॅपटॉप आहे, वायफाय आहे, आणि मराठी-गुजराती दोन्ही येते. दहा प्रयोग आणि वीस गोष्टी एका पेनड्राइव्हवर भरून जवळच्या मराठी शाळेतल्या शिक्षकांना नेऊन द्या. स्टोरीवीव्हरवर अनुवाद कोणीही करू शकतो. सुट्टीत एक गोष्ट मराठीत आणा. देण्याआधी शिक्षकांना एवढे मात्र विचारा, की सध्या वर्गात काय चालले आहे आणि मुले कुठे अडतात. पेनड्राइव्हवर काय भरायचे, ते त्यावरून ठरवा.