रोजकीर्द झाली, खतावणी राहिली

आम्ही शिक्षणाने बी.कॉम. आणि पेशाने कारकून. हिशेबाच्या वह्यांत आमचे निम्मे आयुष्य गेले. तरीही हिशेबातला अगदी पहिला धडा आम्ही आमच्याच वस्तीतल्या मुलांच्या बाबतीत विसरलो. त्याची भरपाई एका गरीब बापाला करावी लागली. ही हकीकत सांगितल्याशिवाय आम्हाला चैन पडणार नाही.

दौंड तालुक्यातील राहू हे आमचे गाव. एकीकडे मुळा-मुठा, दुसरीकडे भीमा, आणि मधल्या रानात ऊस व गुऱ्हाळे. वस्तीतले पुरुष गुऱ्हाळावर, बाया खुरपणीला. बहुतेक घरांत चांगला मोबाईल एकच, आणि तो दिवसभर बापाच्या खिशात. संध्याकाळी बाप घरी आला म्हणजे तासभर तो मुलांच्या हाती पडतो. कॉलेजातल्या मुलीचा अर्ज, धाकट्याचा अभ्यास, सगळे त्या एका तासात.

या मुलांसाठी आम्ही व्हॉट्सॲपवर एक गट काढला. शिष्यवृत्तीची लिंक आली की टाक गटावर, पाठ्यपुस्तकाची आली की टाक गटावर, असा आमचा सपाटा चालला. आपण समाजकार्य करतो आहोत याचे समाधानही वाटे. पण त्याच गटावर सुप्रभात, वाढदिवसाचे केक आणि पुढाऱ्यांचे फोटोही येत. आमच्या लिंका त्याखाली गाडल्या जात होत्या, हे आमच्या ध्यानातही आले नाही.

मग एके दिवशी बारावीनंतर कॉलेजला गेलेली एक मुलगी दारात आली. डोळे भरलेले. "काका, तुमची लिंक लई शोधली, सापडलीच नाही. दुसरीच एक उघडली. तिथं दीडशे रुपये मागितले, ते भरले. अन् अर्जाची तारीख गेली." महाडीबीटीवरचा अर्ज तिने भरायचा होता. ती भलत्याच कुणाच्या तरी जाळ्यात सापडली. तिच्या वडिलांनी गुऱ्हाळावरून उचल घेऊन फी भरली, आणि ती उचल पुढे घाम गाळून फेडली.

त्या रात्री आम्ही गट उघडून पाहिला. लिंक होती! तीन महिने मागे, एका वाढदिवसाच्या केकखाली.

तेव्हा आमचे आम्हालाच हसू आले आणि लाजही वाटली. दुकानदार रोजची नोंद रोजकीर्दीत करतो, तारखेमागून तारीख. पण कुणाकडे किती येणे हे त्याला रोजकीर्द सांगत नाही. त्यासाठी खतावणी लागते, एकेका नावाचे वेगळे पान. आमचा गट म्हणजे नुसती रोजकीर्द होती. खतावणी आम्ही केलीच नव्हती.

शोध घेता कळले की, अशी खतावणी चित्रांच्या पाटीवर करता येते. सिम्बालू नावाच्या साधनात प्रत्येक संकेतस्थळाची एक रंगीत चौकट करता येते. पॅडलेट, वेकलेट यांतही चित्रासह लिंका मांडता येतात. साऱ्या पाटीची मिळून एकच लिंक मुलांना द्यायची, आणि मोबाईलवर ती 'होम स्क्रीनवर जोडा' केली की समोरच दिसते. शोधाशोध संपली.

उत्साहाच्या भरात आम्ही साठ चौकटी भरल्या. मुले उघडत आणि गोंधळून बंद करत. सतरा लुगडी, तरी भागूबाई उघडी! भारतातील ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचवा, असे एक सूत्र आहे. आमच्या वाचकाजवळ तर तासच एक. म्हणून साठांच्या बारा केल्या आणि रंग ठरवले. पैशाची चौकट निळी: महाडीबीटी, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल, बार्टी. पुस्तकांची हिरवी: बालभारतीची ई-पुस्तके, दीक्षा, मराठी विश्वकोश, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मोफत असलेले बाबासाहेबांचे इंग्रजी खंड. परीक्षांची पिवळी: परीक्षा परिषद, लोकसेवा आयोग. निळ्या चौकटींवर रुपयाचे चित्र, हिरव्यांवर पुस्तकाचे.

चित्रांचा खरा उपयोग मात्र आम्हाला एका आईने शिकवला. तिला अक्षरओळख नाही. मुलाच्या खांद्यावरून ती पाटी बघत होती. म्हणाली, "भाऊ, ह्या निळ्या चौकटीत रुपया कशाला काढलाय?" आम्ही सांगितले. त्यानंतर दर रविवारी ती पोराला विचारते, "निळं उघडलंस का?" आजवर जिला कुणी विचारले नव्हते, ती आई आता अर्जावर लक्ष ठेवते. नुसत्या अक्षरांच्या यादीने हे कधीच झाले नसते.

दोन गोष्टी मात्र ज्याने त्याने ध्यानात ठेवाव्यात. पहिली, ही साधने परक्याच्या घरची असतात. गूगलची बुकमार्क सेवा २०२१ साली बंद झाली, आणि वाचायचे लेख साठवणारी पॉकेट सेवा जुलै २०२५ मध्ये. म्हणून आम्ही बाराही पत्ते एका वहीत हाताने लिहून ठेवले आहेत आणि एक प्रत विहाराच्या भिंतीवर लावली आहे. दुसरी गोष्ट, चौकट जोडण्यापूर्वी पत्ता नीट वाचावा. महाडीबीटीसारख्या सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' असा असतो. पण परीक्षा परिषदेसारखी काही खरी स्थळे तशी नाहीत; तेव्हा शंका आली की शाळा-कॉलेजात विचारावे. आणि शिष्यवृत्तीच्या सरकारी अर्जाला कुणी ऑनलाईन पैसे मागितले तर तिथेच थांबावे.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी बाराही चौकटी उघडून पाहायच्या, बंद पडलेली काढायची, अर्जाची शेवटची तारीख चौकटीच्या नावातच लिहायची, असा नेम आहे. हे काम आम्ही करत नाही. ती मुलगीच करते. पुढच्या वर्षी तिचा अर्ज वेळेत गेला. तिच्या बापाची फिटलेली उचल काही परत आली नाही, आणि ते ओझे आमच्या मनावर राहीलच.

आपल्या वस्तीत चार शिकलेली माणसे नक्की असतील. त्यांनी लिंका पुढे पाठवण्यावर समाधान मानू नये. एका रविवारी दोन तास बसावे, बारा चौकटी कराव्यात, आणि त्या उघडता येतात की नाही हे वस्तीतल्या सर्वात कमी शिकलेल्या आईला विचारावे. तिला उघडता आल्या, तर आपली खतावणी जुळली असे समजावे.