कोठ्यातले बिऱ्हाड

बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत आमचे घर आहे. घरामागे शेळ्यांचा कोठा होता. इकडे वऱ्हाडात गोठ्याला कोठाच म्हणतात. एका कोपऱ्यात तुरीचे कुटार, दुसऱ्या कोपऱ्यात सरकीच्या ढेपेची पोती आणि भिंतीला टेकून पऱ्हाट्यांचा ढीग. रात्री कंदील घेऊन आत गेले की ढिगात खसखस ऐकू येई. मातीच्या भिंतीच्या बुडाशी घुशींनी उकरलेली माती पडलेली असे. ढेपेच्या पोत्याला रोज नवे भोक पडे.

मी तेव्हा बी.एड.ला होतो, म्हणजे आपल्याला सगळे कळते, असे वाटण्याचे ते दिवस! बाजारातून उंदीर मारण्याचे काळे औषध आणले, कणकेच्या गोळ्यांत कालवले आणि बिळांजवळ ठेवले. सकाळी चार उंदीर मेलेले सापडले. पुढे मात्र एकाही उंदराने गोळीला तोंड लावले नाही. उंदीर नवे खाणे आधी थोडेसेच चाखतो. त्याने त्रास झाला आणि जीव वाचला, तर तो पुन्हा त्याच्याकडे फिरकत नाही. म्हणून जाणकार लोक आधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष ठेवतात. हे मला ठाऊक नव्हते. उरलेल्या गोळ्या मी उचलल्याही नाहीत. चौथ्या दिवशी दावे सुटलेले एक करडू तिकडे गेले.

दादीने ते करडू बाटलीने दूध पाजून जगवले होते. ती मला एक शब्दही बोलली नाही. आठ दिवस ती कोठ्याकडे आली नाही, एवढेच.

अब्बा म्हणाले, ''बेटा, तू उंदीर मारलेस. त्यांचे बिऱ्हाड जिथल्या तिथेच आहे.''

खरेच होते. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते. चार मेल्याने काय कमी होणार? मग आम्ही पऱ्हाट्या भिंतीपासून दूर, विटांवर रचल्या. ढेप झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात गेली. बिळांत काचेचे तुकडे भरून वर सिमेंट लावले. दाराखाली पत्रा ठोकला, कारण लहान उंदीर पेन्सिलएवढ्या फटीतूनही आत शिरतो. गव्हाणीतले उरलेले खाद्य रात्री झाडून काढू लागलो. हे काम कंटाळवाणे होते, गोळ्या टाकण्याइतके सोपे नव्हते.

अब्बांच्या बोलण्याचा अर्थ पुढे एका वाचनात अधिक उमगला. १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी प्लेगचे रोगी आढळले. भूकंपानंतर लोक भीतीने घराबाहेर राहू लागले होते. धान्य मात्र घरातच राहिले. रिकामी घरे आणि आयते अन्न! उंदीर वाढले, आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवांनी रोग माणसांपर्यंत आणला.

आमच्या कोठ्यात अजूनही एखादा उंदीर दिसतो. पण ढेप पुरते, आणि रात्रीची खसखस थांबली आहे. करडांची दावी मात्र दादी आजही स्वतःच बांधते. ते काम ती माझ्यावर सोपवीत नाही.