धुराचा जमाखर्च

लंडनहून दिवाळीस आलेला पुतण्या म्हणाला, "काका, सिगारेट सोडून मी व्हेप धरली; खर्च निम्म्याहून खालीं आला. तुम्हीहि धरा." तिकडे सिगारेटीवर कर जबर, तेव्हां तें खरें असेल. येथें मात्र २०१९ च्या कायद्यानें ई-सिगारेटच्या विक्रीस बंदी; चोरून घ्यावी तर भाव विकणारा सांगेल तो. शिवाय निकोटिन त्यांतहि असतेंच.

मग आम्हीं आपलाच हिशेब मांडला. रोज १० कांड्या, कांडीस २० रुपये. महिन्यास ६००० रुपये! जन्मभर मुलांस त्रैराशिक शिकविलें, हें एक उदाहरण तेवढें टाळलें होतें. सौभाग्यवतींनीं कांहीं न बोलतां त्या आंकड्याशेजारीं नातीच्या शिकवणीची फी लिहून ठेवली.

आज एकोणिसावा दिवस. निकोटिनचें च्युइंगम चघळतों. तेंहि फुकट नाहीं, आणि कवळीस चिकटतें.