नाव कंपनीचं, आवाज तबलीचा

गुंजवणे, जि. पुणे

चि. मुक्ता,

तुझं पत्र मिळालं. हळूहळू चार-पाच अकूस्टिक गिटारींचा संग्रह करायचा, तो गुंजवण्याच्या घरात ठेवायचा आणि सगळा एकाच नामांकित कंपनीचा असावा, हा तुझा बेत वाचला. मार्टिन, गिब्सन की टेलर, एवढंच तू मला विचारलं आहेस. माझं मत असं की कंपनी ही या निवडीत सगळ्यात शेवटी ठरवायची गोष्ट आहे. आधी तुला कोणकोणते आवाज हवेत ते ठरव, मग ते आवाज कुठल्या बांधणीतून येतात ते बघ, आणि मग ती बांधणी राजगडाच्या पायथ्याच्या हवेत टिकेल का याचा विचार कर. हे तीन प्रश्न सुटले की कंपनी विचारायला फारसं काही उरत नाही. असं का म्हणते ते सविस्तर लिहिते, कारण यात तुझे बरेच पैसे जाणार आहेत.

कंपनीचं नाव वाद्याबद्दल किती कमी सांगतं ते आधी बघ. यामाहाची एफ ३१० आपल्याकडे नव्याने शिकणाऱ्यांच्या हातात हमखास दिसते. तिची वरची फळी, जिला आपले सतारवाले तबली म्हणतात, ती स्प्रूसचीच असते, पण पातळ थर एकमेकांना चिकटवून केलेली. त्याच यामाहाच्या एफजी ८००ची तबली अखंड स्प्रूसची. दोघींच्या माथ्यावर तेच नाव, पण आवाज ठरवणारा भागच वेगळा. मार्टिनचंही तसंच. पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथला बनणारी डी-२८ संपूर्ण अखंड लाकडाची. मार्टिनच्याच नावाने मेक्सिकोत बनणाऱ्या एक्स मालिकेतल्या गिटारींची पाठ आणि बाजू मात्र दाबून घट्ट केलेल्या लॅमिनेटच्या, म्हणजे आपण ओट्याखालच्या कपाटांना लावतो त्या सनमायकाच्या जातीच्या असतात. या लॅमिनेटला मी कमी लेखत नाही, पुढे त्याची बाजूही घेणार आहे. पण ‘मी मार्टिन घेणार’ एवढ्यावरून तू नेमकं काय घेणार आहेस, हे कुणालाच सांगता येणार नाही.

आता एकाच कंपनीतली किमतीची शिडी बघ. मार्टिनच्या डी-१८, डी-२८ आणि डी-४५ या तिन्हींचा आकार एक, तिन्हींची तबली स्प्रूसची. डी-१८ची पाठ महोगनीची, डी-२८ची शिसवाची, आणि डी-४५ला शिसवाबरोबर कडेने शिंपल्याची नक्षी. किंमत चढते ती मुख्यतः पाठीच्या लाकडावर आणि सजावटीवर. ही पाठ कानाला किती कळते, याची तपासणी इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी केली आणि २०१८मध्ये ती प्रसिद्ध झाली. रॉजर बकनॉल या कारागिराने सहा गिटारी बनवल्या. बांधणी एकसारखी, फक्त पाठ आणि बाजू वेगवेगळ्या लाकडांच्या. त्यांत अतिशय दुर्मीळ ब्राझिली रोझवूड होतं, भारतीय शिसव होतं आणि स्वस्तातलं सापेलेही होतं. ५२ वादकांनी अंधूक उजेडात, डोळ्यांवर काळे गॉगल चढवून त्या वाजवल्या. आवाजाला दिलेले गुण सगळीकडे जवळपास सारखेच आले आणि महागडं लाकूड वेगळं उठून दिसलं नाही. याच्याही कितीतरी आधी, १८६२मध्ये, स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस यांनी एका गिटारीची पाठ आणि बाजू पुठ्ठ्याच्या केल्या होत्या आणि तबली मात्र उत्तम लाकडाची. गिटार बोलते ती तबलीतून, हे त्यांना दाखवायचं होतं. ते वाद्य आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

यावर तू म्हणशील की लँकेस्टरच्या सहाही गिटारी एकाच हातच्या होत्या. त्यावरून लाकडाबद्दल कळलं, कंपन्यांबद्दल काहीच नाही. तुझं म्हणणं बरोबर आहे. मार्टिन, गिब्सन आणि टेलर यांचे आवाज वेगळे असतात, हे मलाही मान्य आहे. माझा आग्रह एवढाच की त्या फरकाची कारणं मोजता येतात, आणि कारण कळलं की नावाचं गूढ राहत नाही. मार्टिनच्या ड्रेडनॉट आकाराच्या गिटारींत तारेची बोलती लांबी २५.४ इंच असते, गिब्सनच्या जे-४५मध्ये त्याहून थोडी कमी, साधारण पावणेपंचवीस. तार आखूड झाली की त्याच सुराला ताण कमी पुरतो, बोटांना ती मऊ लागते आणि आवाज थोडा गोलाकार, दबका येतो. जे-४५चे उतरते खांदेही त्यात आले. तबलीच्या आत चिकटवलेल्या पट्ट्या, म्हणजे ब्रेसिंग, कुठे किती पातळ केल्या आहेत यावर खर्ज किती मोकळा सुटतो ते ठरतं. टेलरने १९९९पासून मान बोल्टने बसवायची वेगळी पद्धत आणली. तिच्यात पातळ चकत्या बदलून मानेचा कोन चटकन दुरुस्त होतो. जुन्या पद्धतीच्या सांध्यात हेच काम वाफेने डिंक सोडवून करावं लागतं आणि त्याला जाणता कारागीर लागतो. तेव्हा ‘टेलर हवी’ असं म्हणण्यापेक्षा ‘मान सहज दुरुस्त होणारी हवी’ असं म्हण. मग टेलर घेतलीस तरी ती कशासाठी घेतली हे तुला माहीत असेल.

वाद्य असं निवडायची पद्धत आपल्याला परकी नाही. मिरजेला तंबोरा घ्यायला जाणारा गायक आधी आपला स्वर सांगतो. पुरुषाचा आवाज काळी एकच्या आसपासचा असेल तर भोपळा, दांडी, तारा सगळं त्या मापाचं. बाईचा पांढरी चारच्या वर जाणारा असेल तर वाद्य वेगळं. मग तारांखालच्या घोडीची जवारी लावून घेतली जाते आणि ती गाणाऱ्याच्या कानाला पटेपर्यंत पुन्हा पुन्हा घासली जाते. सतार-तंबोरे बनवणाऱ्या फरीदसाहेबांच्या घराण्यापासून चालत आलेल्या मिरजेच्या कारागिरांची कीर्ती मोठी आहे, २०२४मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरीही नुसत्या नावावर, न ऐकता तंबोरा उचलणारा गायक विरळा. गिटार कारखान्यात बनते म्हणून तिच्याबाबत आपण कान बाजूला ठेवतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

शिसवाबद्दल दोन शब्द, कारण तुझ्या यादीत ‘अस्सल रोझवूड’ असं अधोरेखित केलं आहेस. मार्टिन पूर्वी ब्राझीलचं रोझवूड वापरत असे. ते मिळेनासं झाल्यावर १९६९मध्ये कंपनी भारतीय लाकडाकडे वळली. आज जगभरच्या महागड्या गिटारींच्या पाठीला ‘इंडियन रोझवूड’ म्हणून जे लागतं ते डाल्बर्जिया लॅटिफोलिया, म्हणजे आपलं शिसव. सह्याद्रीत वाढणारं झाड, ज्याचे पलंग आणि झोपाळे जुन्या वाड्यांतून आहेत. २ जानेवारी २०१७पासून डाल्बर्जिया वंशातल्या साऱ्या लाकडांचा आंतरराष्ट्रीय व्यापार दुर्मीळ वन्यजीवांसाठीच्या सायटिस करारान्वये परवान्याखाली आला. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती २०१९च्या नोव्हेंबरात. ब्राझिली रोझवूडवर मात्र १९९२पासून याहून कडक बंधन आहे आणि ते आजही उठलेलं नाही. परदेशातून जुनी, १९६९च्या आधीची डी-२८ कुणी देऊ केली तर कागदपत्रं पाहिल्याशिवाय होकार देऊ नकोस. आणि जे लाकूड आपल्या डोंगरांत कमी होत चाललं आहे ते साता समुद्रापार जाऊन पाठीवर बसून परत यावं, कानाला त्याचा फरकही कळू नये आणि तरी त्यासाठी आपण लाखांत पैसे मोजावेत, हे मला पटत नाही.

सगळ्यात मोठा मुद्दा गुंजवण्याच्या हवेचा. अखंड लाकडाची गिटार सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत ठेवावी, असं बनवणारे सांगतात. इथे आषाढात भिंतींना ओल येते, कपाटातले कपडे दमट लागतात, आणि चैत्र-वैशाखात दुपारची हवा ओठ फाटावेत इतकी कोरडी होते. लाकूड रेषांच्या आडव्या अंगाने फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ हलत नाही. आतल्या पट्ट्या आणि ब्रिज तबलीच्या रेषांना आडवे किंवा तिरपे चिकटवलेले असतात. तबली फुगते, त्या फुगत नाहीत. म्हणून पावसात तबलीला पोट येतं, तारा मानेपासून वर उचलल्या जातात आणि बोटं दुखतात. उन्हाळ्यात तीच तबली खाली बसते, फ्रेटची टोकं बाहेर येऊन तळव्याला टोचतात, आणि दुर्लक्ष झालं तर रेषेत चीर पडते. थर एकमेकांना आडवे चिकटवलेल्या लॅमिनेटला हे सोसतं. म्हणूनच या गावात बारा महिने भिंतीवर टांगून ठेवायची गिटार सगळी अखंड लाकडाची असू नये. अखंड तबली आणि लॅमिनेटची पाठ, हा मेळ इथे शहाणपणाचा. आर्द्रता खेचणारं यंत्र आहे की, असं म्हणशील. पण ते विजेवर चालतं, आणि ज्या दिवसांत ते लागेल त्याच दिवसांत इकडची वीज जाते. त्यापेक्षा घट्ट बंद होणारी केस, तिच्यात ओल घेणाऱ्या-देणाऱ्या पुड्या आणि आर्द्रता मोजणारा एक हायग्रोमीटर यांच्यावर भरवसा ठेव.

पुढचा आक्षेप विकताना मिळणाऱ्या किमतीचा. चांगल्या नावाची गिटार भाव टिकवते, हे खरं. पण भाव टिकतो तो नाव आणि अवस्था या दोहोंवर. ब्रिज उचललेली, तबलीला चीर गेलेली मार्टिन विकायला काढलीस की नाव फार साथ देत नाही. शिवाय तू संग्रह वाजवण्यासाठी करते आहेस असंच पत्रात लिहिलं आहेस. गुंतवणूकच करायची असेल तर ती वेगळी गोष्ट, तिला वेगळा सल्ला लागेल आणि तो मी देणार नाही.

इतिहासाच्या ओढीला मात्र मी मान देते. मार्टिन १८३३पासून चालू आहे, ड्रेडनॉट हा आकार तिच्याकडे १९१६मध्ये जन्माला आला आणि आज जवळजवळ प्रत्येक कंपनी तो बनवते. असं एखादं वाद्य आपल्या घरी असावं असं वाटण्यात गैर काही नाही. त्यासाठी संग्रहात एक जागा राख, पाचही नको. एकाच कंपनीच्या पाच ड्रेडनॉट म्हणजे एकच आवाज पाच वेळा विकत घेणं. त्यापेक्षा गाण्याच्या साथीला एक ड्रेडनॉट, बोटांनी वाजवायला एक लहान अंगाची, आणि एक नायलॉनच्या तारांची. या तिघींना कंपन्या तीन निघाल्या तरी बिघडत नाही. चौथी ती इतिहासाची, आणि ती डी-१८ असू दे. महोगनीची पाठ तुला पुरेल.

डी-२८चा विचार यंदा सोड. आधी हायग्रोमीटर घेऊन माजघरात टांग आणि एक पावसाळा व एक उन्हाळा आकडे लिहून ठेव. मग मुंबईला धोबी तलावाला फुर्ताडोज या वाद्यांच्या दुकानात जा, नाहीतर पुण्यातलं कुठलंही मोठं दुकान बघ. बरोबर कुणाला तरी ने, डोळे मिटून बस आणि त्याला एकेक गिटार तुझ्या हातात द्यायला सांग. नाव शेवटपर्यंत विचारू नकोस. थोड्या वेळाने क्रम बदलून पुन्हा तेच कर, आणि दोन्ही खेपेला जी निवडशील तीच घरी आण.

कळावे,
तुझी आत्या