चार रंगांतली सूर्यफुलं

आखाडा बाळापूर, २४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या एसटीने काल दुपारी इथे उतरले. हवेलाच हळदीचा वास आहे. काढणी उरकत आलीय. शेतांत हळद शिजवायचे कुकर वाफ सोडत उभे असतात आणि शिजलेली हळकुंडं ताडपत्र्यांवर उन्हात पसरलेली असतात.

मी आलेय ती चित्रकलेच्या सरांकडे. त्यांनी इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेच्या मुलांना वर्षानुवर्षं स्थिरचित्र शिकवलं. निवृत्तीनंतरही खोलीतला उजेड ते ब्रश धुण्याआधी बघतात. मी बसले तर त्यांनी व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांची छापील प्रत भिंतीला लावली आणि पोस्टर कलरच्या चारच बाटल्या पुढे सरकवल्या: यलो ऑकर, व्हर्मिलियन, काळा, पांढरा. म्हणाले, "एवढ्यावरच भागवायचं." स्वीडनचा आन्डर्स झॉर्न माणसांचे चेहरे याच चार रंगांत रंगवायचा, हेही त्यांनीच सांगितलं. मला मात्र देवघरातलं तबक आठवलं. हळद, कुंकू, काजळ, तांदूळ. हे चार रंग आपल्या घरात कधीपासूनच आहेत गं.

२७ फेब्रुवारी

ताई, पहिले दोन कागद वाया गेले. मूळ चित्र पिवळ्यावर पिवळं आहे: मागची भिंत फिकट, टेबल गडद, फुलदाणी अर्धी अशी, अर्धी तशी. व्हॅन गॉगचा क्रोम यलो झगझगीत, माझा ऑकर मातीचा. पांढरा घालून उजळ करायला गेले की खडूसारखा मरायचा.

सर बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "काळी चारमधलं गाणं तुला काळी दोनमध्ये म्हणायचंय. पट्टी उतरव, चाल सोडू नको."

तिथून हात सुटला. आता मी त्याचा पिवळा शोधत नाही. भिंतीपेक्षा फूल किती गडद, फुलापेक्षा टेबल किती, एवढंच डोळे बारीक करून मोजते. सगळं चित्र दोन पायऱ्या खाली आणलं, तेव्हा शुद्ध ऑकरचा एक फटकारा पाकळीवर पेटून उठला. ऑकरमध्ये काळा मिसळला की देठांचा हिरवा मिळतो, अगदी शेवग्याच्या पानासारखा. पाकळ्या नीटनेटक्या काढायच्या नाहीत. वाळलेलं फूल कसं वाकडंतिकडं तडकतं, तसा ब्रश वळवायचा. भाव तिथेच आहे.

सर्वांत अवघड होती टेबलाच्या कडेची निळी रेघ. माझ्याकडे निळा नाहीच! काळ्यात पांढरा घालून राखाडी केला, त्या पिवळ्याशेजारी ओढला आणि तो निळा दिसू लागला. मी कागद उचलून दारात नेला, उन्हात धरला. तरी निळाच.

२ मार्च

ही फुलं व्हिन्सेंटने फ्रान्समधल्या आर्ल गावात १८८८च्या ऑगस्टमध्ये रंगवली, चित्रकार मित्र गोगँच्या खोलीत लावायला. जानेवारी १८८९मध्ये सूर्यफुलं नव्हती, तेव्हा त्याने आपल्याच चित्रांवरून ती पुन्हा उतरवली. नक्कल म्हणून कुणी नाक मुरडलं तर मी हेच सांगणार. त्याने दुसऱ्यांदा काढली ती हुबेहूब नव्हती, आणि तीही त्याचीच होती.

काल कागदाच्या कोपऱ्यावर हळदीचं पाणी ओढलं, त्यावर चुन्याचं बोट फिरवलं. क्षणात लाल. जुन्या पद्धतीचं कुंकू असंच होतं. पण नुसत्या हळदीची अर्धी पट्टी दिवसभर उन्हात ठेवली, तर संध्याकाळी पिवळा फिकटलेला. व्हिन्सेंटचा क्रोम यलोही उजेडाने काळसर पडत चाललाय. ऑकर तेवढा टिकतो, कारण तो मुळात मातीच.

परवा सकाळच्या गाडीने निघते. चित्र वाळलंय, गुंडाळून आणतेय. तुझ्या खोलीतल्या उत्तरेच्या भिंतीवर खिळा ठोकून ठेव, आणि आईची ती पितळी कळशी माळ्यावरून काढ. घासू नकोस. पुढचं चित्र तिचं आहे, याच चार बाटल्यांत.

तुझी,
धाकटी