पेरावरचा घट्टा

माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या अंगठ्याच्या पेरावर एक घट्टा होता. दात टेकून टेकून झालेला, हरभऱ्याच्या डाळीएवढा. बाकी अंगठा पांढराफटक, सुरकुतलेला. झोपताना तो डाव्या हाताने माझ्या फ्रॉकचं टोक धरायचा आणि उजवा अंगठा तोंडात घालायचा. टोक सुटलं की रडत उठायचा. अंगठा सुटला तर मात्र झोपेतच परत तोंडात जायचा.

गाव तेव्हा उठत होतं. उजनीचं धरण 1980 साली पुरं झालं. त्याच्या आगेमागे केत्तूर, वाशिंबे, चिखलठाण, कुगाव अशी करमाळा तालुक्यातली भीमाकाठची गावं पाण्याच्या वर सरकली. आमच्या घराच्या तुळया, चौकटी, जातं, सगळं बैलगाडीत चढलं. आजोबांनी जमिनीच्या कागदांवर शाईचा अंगठा उठवला. आई दिवसभर नव्या गावठाणात दगड-माती वाहायची आणि भाऊ पत्र्याच्या सावलीत बसून चोखत राहायचा. कोणी कडुनिंबाचा पाला वाटून लावला, कोणी कोरफडीचा गर. एकदा घरातल्याच कोणी मिरची चोळली. त्याने तोच हात डोळ्याला लावला आणि रात्रभर आक्रोश केला. त्यानंतर आजीने सगळ्यांना बजावलं, "त्याच्या अंगठ्याला हात लावायचा न्हाई. गाव गेलं, घर गेलं, तेवढं तरी ऱ्हाऊ द्या लेकराला."

आजीच्या पाठीशी देवही होता. पंढरपूरच्या वारीतून आणलेली बालमुकुंदाची तसबीर आमच्या पत्र्याच्या भिंतीवर टांगलेली असे. भागवताच्या बाराव्या स्कंधात मार्कंडेय ऋषी प्रलयाच्या पाण्यात भटकत असतात. चहूकडे पाणीच पाणी, आणि वडाच्या पानावर एक तान्हं बाळ, पायाचा अंगठा तोंडात घातलेलं. तोच हा बालमुकुंद. आमच्या दारासमोरच पाणी पसरत चाललेलं असताना ती गोष्ट आजी ज्या विश्वासाने सांगायची, तो मला आजही धीर देतो.

पुढे मी अंगणवाडी सेविका झाले आणि आजीच्या म्हणण्याला आधार सापडत गेला. मूल चोखायला शिकतं ते पोटातच. सोनोग्राफीत गर्भ अंगठा चोखताना दिसतो. बेलफास्टच्या पीटर हेपर यांनी अशी मुलं दहा-बारा वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहिली. गर्भात उजवा अंगठा चोखणारी 60 च्या 60 मुलं उजव्या हाताची निघाली, डावा चोखणाऱ्या 15 पैकी 10 डावरी. म्हणजे ही खोड बाहेरून लागलेली नसते, लाडाने तर नाहीच. पोट भरलेलं असतानाही बाळ चोखतं, कारण त्याने ते शांत होतं. बहुतेक मुलं दोन ते चार वर्षांच्या दरम्यान आपोआप सोडतात.

आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. वर्षाच्या लेकराचा अंगठा चारचौघांत हिसकून काढतात, आणि सहाव्या वर्षी, कायमचे दात येऊ लागतात तेव्हा, "सुटंल आपोआप" म्हणून कानाडोळा करतात. खरं लक्ष द्यायचं ते तेव्हा. जोर लावून, तासन्‌तास चोखणाऱ्या मुलाचे वरचे दात पुढे ढकलले जातात, टाळू अरुंद होतो, वरचे आणि खालचे पुढचे दात एकमेकांना भेटतच नाहीत. अंगठा नुसताच तोंडात ठेवणाऱ्याला इतका त्रास होत नाही. माझा भाऊ तिसरीत जाईपर्यंत चोखत होता. त्याचे दात आजही पुढे आहेत, कणीस खायचं तर तो दाढेनेच खातो. आता तो धरणात चिलापीसाठी जाळं टाकतो. दोरीने अंगठ्याच्या रेषा इतक्या झिजल्यात की रेशनच्या मशीनवर त्याचा अंगठा उमटत नाही.

दसरा झाला की आमच्याकडे बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. फडाच्या कडेला कोप्या पडतात. अशाच एका टोळीतली पाच वर्षांची पोर माझ्याकडे यायला लागली. तिच्या पेरावर तसाच घट्टा. तिची आई म्हणाली, "बाई, आम्ही अंधारात फडावर जातो. ती उठती तवा जवळ मी नसती, अंगठाच असतो."

या बाईला काय सांगायचं? अंगठ्याला कडू लावून तिचं पहाटेचं जाणं थांबणार नव्हतं. मी आधी नुसतं बघत राहिले, पोरगी अंगठा कधी घालते ते. खेळताना नाही. खिचडी खाऊन झाली की, आणि दुसऱ्या मुलांच्या आया न्यायला आल्या की हमखास. मग त्या वेळेला मी तिच्यापुढे शेंगा फोडायला ठेवू लागले, कधी चिखलाचे बैल करायला माती. दोन्ही हात गुंतले की अंगठा विसरायची. "काढ तोंडातून" असं एकदाही म्हटलं नाही. अंगठा न घालता बसली की "आज किती शेंगा फोडल्यास गं!" एवढंच. नखं मात्र नेमाने कापली, हात धुवायला लावले, आणि फेब्रुवारीत जंताची गोळी दिली. फडातली माती त्या अंगठ्यावाटे पोटात जाते, ते टाळायलाच हवं. आईला म्हटलं, निघताना तुझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा तिच्या उशाशी ठेवत जा.

दिवसाचा अंगठा महिन्याभरात बराच सुटला. रात्रीचा राहिला. हंगाम संपून पट्टा पडला, टोळी निघाली, तेव्हा तिची आई ट्रॅक्टरवर भांडी चढवता चढवता विचारत होती, रात्री हाताला फडकं बांधू का. मी म्हटलं, पोरीला विचार, ती हो म्हणाली तर सैलसं बांध, रडली तर सोडून दे. खालचा पुढचा दात हलायला लागला की मात्र दातांच्या डॉक्टरला एकदा दाखव. पोरगी तिथेच उभी होती. तिने आ करून एकेक दात बोटाने हलवून बघितला आणि म्हणाली, "अजून एक बी हलत न्हाई, बाई."